टूथपेस्टमध्ये काय असते?

दातांवर सतत साचणारा जिवाणूंचा चिकट थर म्हणजे प्लाक. त्यातील जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. त्याने दात किडतात. थर साचून राहिला तर हिरड्या सुजतात आणि लाळेतील खनिजांमुळे त्याचे कडक कीटण होते. ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडूनच काढावे लागते.

● घर्षक : कॅल्शियम कार्बोनेट, सिलिका. ब्रशच्या साथीने थर खरवडतात.

● फेसकारक : सोडियम लॉरिल सल्फेट.

● ओलावा राखणारे : ग्लिसरीन, सॉर्बिटॉल. पेस्ट सुकू देत नाहीत.

● जिवाणूरोधक : झिंकचे क्षार. काही पेस्टमध्येच असतात.

● फ्लोराइड : दातांचे कवच आम्लापुढे टिकाऊ करते. भारतात कमाल मर्यादा १००० पीपीएम. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी.

● तंबाखू : मंजन व पेस्टमध्ये वापरण्यास देशभर १९९२ पासून बंदी.

प्लाक हटतो तो मुख्यतः घासण्याने. दिवसातून दोनदा, दोन मिनिटे, मऊ ब्रशने दात घासणे पुरेसे.