सहनशक्तीचे अर्थशास्त्र

३.८ किलोमीटर पोहणे, लगोलग १८० किलोमीटर सायकल चालविणे आणि अखेरीस ४२.२ किलोमीटर धावणे, हे सारे साधारणतः सतरा तासांच्या आत पुरे करणे, असे ‘आयर्नमॅन’ शर्यतीचे स्वरूप आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये हवाई बेटांवर ती प्रथम झाली, तेव्हा उतरलेल्या पंधरांपैकी बारा जणांनीच ती पूर्ण केली. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ साली, झुरिच येथे ती १५ तास १९ मिनिटांत पार पाडली. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) पोलीस अधीक्षकपद पूर्वी सांभाळलेले कृष्णप्रकाश यांनी २०१७ साली फ्रान्समध्ये हेच आव्हान पेलले.

अशा पराक्रमांचे श्रेय सामान्यतः मनोनिग्रहाला दिले जाते. ते योग्यच होय. परंतु तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. या शर्यतीसाठी महिनोन् महिने सराव लागतो, आणि सरावाच्या प्रत्येक तासाची किंमत म्हणजे त्या तासात बुडणारी दुसरी कमाई. पगारदार माणूस पहाटेचे दोन तास काढू शकतो. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीस जाणाऱ्या मजुराची पहाट मात्र आधीच फडात खर्ची पडलेली असते. त्याच्या ठायी सहनशक्ती नाही, असे कोण म्हणेल? गोव्यात २०१९ साली निम्म्या अंतराची शर्यत प्रथम झाली. त्यामुळे परदेशवारीचा खर्च वाचला. सायकलीचा, आहाराचा व वेळेचा खर्च उरलाच.

जिल्ह्यातील असंख्य तरुण पहाटे धावतात, ते पोलीस भरतीतील १६०० मीटरसाठी. वयाची अट उलटली की बहुतेकांचे धावणेही संपते. कारण ते नोकरीचे साधन होते, स्वतःच्या शरीराची ओळख नव्हे. पोहण्याची कथा याहून वेगळी नाही. खेड्यातील मूल पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकते. दुष्काळी तालुक्यांत विहीर आटली की ते शिक्षणही आटते.

मग अशी आव्हाने सुस्थितांसाठीच राखून ठेवायची काय? निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. शेकडो किलोमीटरची ती पायपीट गरिबालाही साधते, याचे कारण श्रद्धेइतकेच व्यवस्थेतही आहे. वाटेवरची गावे भोजन व निवारा पुरवितात आणि एकट्याला न झेपणारा खर्च अनेकांत वाटला जातो.

हेच तत्त्व क्रीडेला लावता येईल. शाळा-महाविद्यालयांची मैदाने सकाळ-संध्याकाळ गावासाठी खुली ठेवणे, तालुक्याच्या ठिकाणी सुरक्षितपणे पोहणे शिकविण्याची सोय करणे, भरतीचे वय उलटलेल्यांनाही तालमीत सामावून घेणे, या गोष्टी अशक्य नाहीत. त्यातून प्रत्येक जण सतरा तासांची शर्यत जिंकेल असे नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. तथापि, आपल्या शरीराची मर्यादा कोठे आहे हे पारखून पाहण्याची संधी केवळ उत्पन्नावर अवलंबून राहणार नाही, एवढे तरी साधेल.