लाल तेलाचा गिअरबॉक्स

मुंबई-नाशिक महामार्गावर माणकोलीपासून पडघ्यापर्यंत गाडी दुरुस्त करणाऱ्यांची वानवा नाही. भिवंडीच्या गोदामांकडे रात्रंदिवस ट्रक-कंटेनर वळत असतात, त्यामुळे क्लचप्लेट बदलणं किंवा गिअरबॉक्स उतरवून दात गेलेला गिअर काढणं हा इथल्या मिस्त्रींच्या हातचा मळ. पण पंधरा वर्षं जुनी फोर बाय फोर स्कॉर्पिओ दारात येते आणि तिला क्लचचं पेडलच नसतं, तेव्हा तोच मिस्त्री पाना खाली ठेवून आधी चहा मागवतो.

अशी गाडी बहुतेकदा टोचन लावून आणलेली असते. घोळ तिथूनच सुरू होतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात तेलाचा पंप असतो आणि तो इंजिन चालू असेल तरच फिरतो. इंजिन बंद ठेवून गाडी चाकांवर दहा-पंधरा किलोमीटर ओढत आणली, तर आतले भाग तेलाविना घासत राहतात. गाडी सपाट फळीच्या टेम्पोवर चढवून आणावी, नाहीतर दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट सोडवून मगच ओढावी. घाईत हे कुणाला आठवत नाही.

या गिअरबॉक्सला तेलाचं एवढं वेड का? ताक घुसळताना गाडगं हाताने धरलं नाही, तर रवीबरोबर तेही गरगरायला लागतं. रवी गाडग्याला कुठेच टेकलेली नसते; मधलं ताकच जोर पोहोचवतं. ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर याच तत्त्वावर चालतो. इंजिनाला जोडलेली पाती तेल फिरवतात, ते तेल समोरची पाती फिरवतं आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देऊन जोर वाढवतो. जर्मनीत हर्मान फ्योटिंगर यांनी 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, ते जहाजांसाठी. मोटारीत गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा मोठ्या प्रमाणावर आली ती जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकने, ओल्डस्मोबिलच्या 1940च्या मॉडेलमध्ये. कन्व्हर्टरच्या मागे सूर्य, ग्रह आणि बाहेरचं कडं अशा रचनेचे गिअर असतात. त्यांतलं कोणतं चाक धरायचं नि कोणतं सोडायचं, ते तेलाच्या दाबावर दाबल्या जाणाऱ्या क्लचच्या थप्प्या ठरवतात. म्हणजे हेच तेल जोर पोहोचवतं, हुकूम देतं, थंडावा देतं आणि वंगणही करतं.

माणकोली किंवा अंजूर फाट्याच्या कोंडीत तासभर सरकत राहिलेल्या, किंवा माल भरून कसारा घाट चढलेल्या गाडीत हे तेल तापतं. तापून तापून लालाचं काळं होतं, त्याला जळका वास येतो, क्लचचे थर झिजतात. मग इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे जात नाही. दुसरा शत्रू पाणी. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली, की गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून पाणी आत शिरू शकतं. ज्या गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरमधल्या नळीतून थंड होऊन येतं, तिथे ती नळी फुटली तर कूलंट आणि तेल एकत्र होऊन रूहअफ्जा घातलेल्या दुधासारखं गुलाबी मिश्रण तयार होतं. ते दिसलं की गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

पण दरवेळी दुखणं एवढं मोठं नसतं. तेल कमी झालंय, एखादा सेन्सर गेलाय, कनेक्टरच्या पिना गंजल्यात, व्हॉल्व्ह बॉडीतला सोलेनॉइड अडकलाय, अशा कारणांनीही गाडी सुरक्षिततेसाठी एकाच गिअरमध्ये अडकून बसते. स्कॅनर न लावता, तेलाची पातळी न बघता अख्खा गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बदलायचाच ठरला, तर दुसरा आणायचा कुठून? इथे स्कॉर्पिओची गोष्ट मजेशीर आहे. ही गाडी बनली याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकच्या कारखान्यात. 2008 साली तिला सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला, तो मात्र ऑस्ट्रेलियाच्या ड्राइव्हट्रेन सिस्टिम्स इंटरनॅशनल या कंपनीचा. 2009च्या सुरुवातीला त्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक, कोरियाची सँगयाँग, डबघाईला आली आणि फेब्रुवारीत ही कंपनीही कोसळली. चीनच्या जीलीने ती त्याच वर्षी विकत घेतली. सँगयाँग 2011 साली आली ती महिंद्राच्याच पदरात! या उलाढालींचा भिवंडीतल्या गाडीमालकाशी काही संबंध नाही असं वाटेल. पण सुटा भाग शोधायला तो कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर उभा राहतो, तेव्हा संबंध लगेच कळतो. मॅन्युअल स्कॉर्पिओचा गिअरबॉक्स शोधणं सोपं, कारण तशा गाड्या उदंड. ऑटोमॅटिक त्यांच्या मानाने मूठभर, आणि त्यातली फोर बाय फोर तर चिमूटभर.

'सेम टू सेम आहे' या शब्दावर पैसे मोजू नयेत. टू-व्हील ड्राइव्हच्या गिअरबॉक्सला मागे नुसतं शेपूट असतं. फोर बाय फोरच्या मागे ट्रान्सफर केस बसते. त्यासाठी बाहेर येणारा शाफ्ट आणि मागची हाउसिंग वेगळी लागते. सेन्सर, कनेक्टर आणि गिअरबॉक्सचा मेंदू असलेलं कंट्रोल युनिटही जुळावं लागतं. भंगारातून आणलेला लोखंडी गोळा बेल हाउसिंगला बरोबर बसतो, पण कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही, असं होऊ शकतं.

उतरवणं हे मेहनतीचं काम, अवघड नव्हे. गाडी घोड्यांवर चढवायची, बॅटरी सोडायची, दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर खूण करायची, म्हणजे परत बसवल्यावर थरथर येत नाही. ट्रान्सफर केस धरून शंभर किलोच्या घरातला हा ऐवज. तो छातीवर पेलायचा नसतो. जॅक किंवा चेन कप्पी हवीच.

खरी परीक्षा बसवताना. कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत फिरवत फिरवत टप्प्याटप्प्याने आत जावा लागतो. 'ठक्क' आवाज येतो, मिस्त्रीला वाटतं झालं, आणि अजून एक टप्पा राहिलेला असतो. तशीच बेल हाउसिंग इंजिनाला लावली तर मधे फट राहते. ट्रकवाल्या सवयीने बोल्ट आवळून ती फट मिटवली, की नवा पंप गाडी सुरू होण्याआधीच फुटतो. हाउसिंग हाताने पूर्ण बसली पाहिजे आणि त्यानंतरही कन्व्हर्टर थोडा मागे-पुढे सरकला पाहिजे. याच अर्ध्या तासात कामाचं सोनं होतं किंवा माती.

आणि स्वच्छता! उघड्या अंगणात, शेजारी ग्राइंडर चालू असताना हे काम करू नये. जुन्या गिअरबॉक्सचा चुरा कूलरच्या नळ्यांत साचलेला असतो. त्या धुतल्या नाहीत किंवा कूलर बदलला नाही, तर तोच चुरा नव्यात जातो.

शेवटी तेल. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच. रिकामा कन्व्हर्टर बरंच तेल पितो, म्हणून थोडं भरून इंजिन सुरू करायचं, ब्रेक दाबून पी, आर, एन, डी असा दांडा फिरवायचा आणि पुन्हा भरायचं. पातळी ठरलेल्या तापमानालाच मोजायची. ट्रान्सफर केसचं तेल निराळं, तेही विसरायचं नाही. जुने आकडे पुसून कॉम्प्युटरला नव्याची सवय लावायची असेल तर स्कॅनर पुन्हा जोडायचा.

मग पडघ्यापर्यंत एक फेरी. आधी सावकाश, नंतर उड्डाणपुलाच्या चढावर. परतल्यावर मातीच्या मोकळ्या जागेत फोर बाय फोर लावून पाहायचं. कोरड्या डांबरावर ते लावून वळणं घेतली तर शाफ्टांवर नको तो ताण येतो. रात्री गाडी उभी करताना खाली एक पुठ्ठा पसरून ठेवतात. गोदामांच्या या गावात पुठ्ठ्याला तोटा नाही. सकाळी त्यावर लाल ठिपका दिसला, तर पुन्हा घोड्या काढायच्या.