घरबसल्या कमाईचे आमंत्रण आणि आपली महाविद्यालयीन मुले

परीक्षांचे निकाल लागून महाविद्यालये पुन्हा गजबजू लागली की विद्यार्थ्यांपर्यंत एक आमंत्रण पोहोचते. 'शिक्षण सांभाळून फावल्या वेळात घरबसल्या स्वतःचा व्यवसाय कर. भांडवल फारसे नको, दुकान नको, मालक नको. फक्त एकदा येऊन योजना समजून घे.' हे आमंत्रण सहसा परका मनुष्य देत नाही. ते देणारा खोलीतला सोबती असतो, मामेभाऊ असतो किंवा गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेला गावातलाच मुलगा असतो. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतून मुले शिक्षणासाठी वाशीम, अकोला, अमरावती, पुणे अशा शहरांत जातात. घरापासून दूर आणि हातात जेमतेम पैसा, अशा वयात हे शब्द गोड वाटणे स्वाभाविक आहे.

हा व्यवसाय आहे की फसवणूक, मुलाला जाऊ द्यावे की अडवावे, असा प्रश्न पालकांपुढे उभा राहतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून या विषयाची तीन अंगे येथे पाहू: गणित, कायदा आणि आपली श्रद्धा.

थेट विक्री आणि साखळी

घरून वस्तू विकणे यात गैर काहीच नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातूनच 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली. तेथे भगिनीला मोबदला मिळतो तो तिने लाटलेल्या पापडांचा. तिने किती मैत्रिणी आणल्या, यावर तो ठरत नाही. आपल्या गावांतील बचत गटही मसाले, लोणची, शेवया विकतात. दुकानाशिवाय विक्रेत्यांच्या जाळ्यातून थेट ग्राहकापर्यंत माल पोहोचविण्याच्या पद्धतीस 'थेट विक्री' म्हणतात आणि नियम पाळून केलेली थेट विक्री आपल्या देशात कायदेशीर आहे.

साखळी योजना बाहेरून अगदी अशीच दिसते. तेथेही साबण असतो, आरोग्याची चूर्णे असतात, सहलीचे पॅकेज असते किंवा संगणकाचा अभ्यासक्रम असतो. भेद ओळखण्याची खूण एकच आहे: कमाई कोठून येते? वस्तू वापरणाऱ्या ग्राहकाने दिलेल्या किमतीतून ती येत असेल तर तो व्यापार होय. नव्याने सभासद होणाऱ्याने भरलेल्या रकमेतून ती येत असेल तर वस्तू केवळ निमित्तमात्र असते. मग खरी विक्री होते ती माणसांची.

वाशीम जिल्ह्याचे गणित

योजना समजावून देणारा फळ्यावर वर्तुळे काढतो. 'तू सहा जण आण. ते सहा जण प्रत्येकी सहा आणतील. तू निवांत बसशील.' हीच वर्तुळे थोडी पुढे नेऊन पाहू. सहाचे ३६ होतात, ३६ चे २१६, पुढे १,२९६, ७,७७६, ४६,६५६ आणि सातव्या पायरीला २,७९,९३६. आठव्या पायरीला १६,७९,६१६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार वाशीम जिल्ह्याची एकूण लोकसंख्या ११,९७,१६० होती. म्हणजे पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धापर्यंत प्रत्येकाला सभासद केले तरी आठवी पायरी भरत नाही.

'सहा जमत नसतील तर फक्त दोनच आण', असेही सांगितले जाते. दोनच्या हिशेबाने विसाव्या पायरीपर्यंत एकूण माणसे २०,९७,१५१ होतात आणि जिल्हा पुन्हा अपुरा पडतो. दोनाच्या साखळीत निम्म्याहून अधिक माणसे नेहमीच शेवटच्या ओळीत असतात. सहाच्या साखळीत शंभरातील सुमारे त्र्याऐंशी तेथे असतात. त्यांच्या खाली कोणी नसते, म्हणून त्यांना काही मिळत नाही. साखळी कोठे थांबली तरी हे प्रमाण बदलत नाही. तेव्हा 'ज्याने मेहनत केली नाही तो मागे राहिला' हे स्पष्टीकरण खोटे आहे. बहुतेकांचे नुकसान हा योजनेत शिरलेला दोष नसून योजनेची रचनाच तशी आहे. वरच्याचा लाभ खालच्याच्या तोट्यातूनच येतो.

जगाने हे मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. मदर तेरेसा ज्या अल्बेनियन समाजात जन्मल्या, त्यांच्या अल्बेनिया या देशात १९९७ साली अशाच पिरॅमिड योजना कोसळल्या. असंख्य कुटुंबांची बचत बुडाली, देशभर दंगली उसळल्या आणि सुमारे दोन हजार माणसे प्राणास मुकली.

विद्यार्थीच का?

अकोला-पूर्णा लोहमार्गाने वाशीमहून हैदराबाद गाठता येते. त्याच परिसरात मार्च २०१९ मध्ये सायबराबाद पोलिसांनी नोएडा येथील 'ईबिझ' या कंपनीच्या चालकांना अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, संगणक शिक्षणाच्या पॅकेजच्या नावाखाली प्रत्येकी १६,८२१ रुपये घेऊन सभासद केले जात आणि पुढे नवे सभासद आणल्यास कमिशनचे आमिष दाखविले जाई. यात ओढले गेलेले बहुतांश महाविद्यालयीन तरुण होते. सभासदांची संख्या सुमारे १७ लाख असल्याचे पोलिसांनी सांगितले होते. त्याआधी २०१३ साली मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने 'क्यूनेट'च्या व्यवहारांविषयी गुन्हा दाखल केला होता. त्या कंपनीने आपल्यावरील आरोप नाकारले आहेत.

विद्यार्थी निवडले जातात त्यास कारणे आहेत. त्यांच्याभोवती वर्गमित्रांचा मोठा घोळका असतो. त्यांना नोकरीची चिंता असते आणि आई-वडिलांवरील भार हलका करण्याची प्रामाणिक इच्छाही असते. सोयाबीन-तुरीच्या भरवशावर चालणाऱ्या घरातील मुलाला ही इच्छा अधिकच तीव्रतेने जाणवते. पहिली रक्कम मग शिष्यवृत्तीतून, वसतिगृहाच्या शुल्कातून किंवा 'क्लास लावायचा आहे' असे सांगून घरातून येते. त्या क्षणी खोटे बोलण्यास आरंभ होतो. पुढे रक्कम वसूल करण्यासाठी दोन मित्र आणावे लागतात, आणि ज्याची फसवणूक झाली तोच इतरांची फसवणूक करू लागतो. या योजनांचे सर्वांत क्रूर अंग हेच आहे.

कायदा काय सांगतो?

अशा पैसा फिरविण्याच्या योजनांवर आपल्या देशात १९७८ पासून बंदी आहे. त्या कायद्याचे नाव 'प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अ‍ॅक्ट' असे आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. योजना चालविणे तर निषिद्ध आहेच, पण सभासद करून घेणे आणि तीत सहभागी होणे हेही निषिद्ध आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. 'मी फक्त मित्रांना सांगितले', हा बचाव मुलाला वाचवीलच असे नाही.

केरळमधील एका योजनेत ६२५ रुपयांचे एकक घेणाऱ्यास दुप्पट रकमेचे आश्वासन होते, आणि ती रक्कम पुढे येणाऱ्या सभासदांच्या पैशांतूनच द्यावयाची होती. आपल्यावरील गुन्हा रद्द करावा ही चालकांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली फेटाळली.

थेट विक्रीसाठी केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्वतंत्र नियम लागू केले. त्यांनुसार पिरॅमिड योजनांना मनाई आहे. कंपनीचे भारतात नोंदणीकृत कार्यालय असणे आणि तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असणे आवश्यक आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय व वेळ ठरविल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नये, असेही त्यांत सांगितले आहे.

मुलाने आमंत्रणाविषयी घरी सांगितले तर रागावण्याऐवजी त्याच्याजवळ बसून हे प्रश्न विचारावेत:

१. एकही नवा माणूस न जोडता, केवळ वस्तू विकून महिन्याला किती पैसे मिळतील?
२. सामील होण्यासाठी आधी पैसे भरावे लागतात का, किंवा ठरावीक रकमेचा माल घ्यावाच लागतो का?
३. तीच वस्तू बाजारात किती रुपयांस मिळते? सभासद न होता ती कोणी विकत घेईल का?
४. लेखी करार आहे का? माल परत करून पैसे मिळण्याची मुदत त्यात लिहिलेली आहे का?
५. 'सध्या घरी सांगू नकोस, त्यांना कळणार नाही', असे कोणी म्हटले आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल तर उरलेल्या चार प्रश्नांची वाट पाहू नये.

ख्रिस्ती विवेकाची कसोटी

सातवी आज्ञा केवळ खिसा कापण्यापुरती नाही. कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ या आज्ञेचा अर्थ सांगताना व्यापारातील लबाडी आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन लाभ मिळविणे यांचाही समावेश करतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकात श्रमाचे मोल श्रम करणाऱ्या माणसावरून ठरते, अशी शिकवण दिली. साखळीत मात्र माणसाचे मोल त्याच्या खाली किती माणसे आहेत यावरून ठरते. मित्र दिसला की तो 'संभाव्य सभासद' दिसू लागतो आणि लग्नसमारंभातही नावांची यादी मनात चालू राहते.

तरुणांना उत्तेजन देण्यासाठी कोणी तालांतांचा दाखला पुढे केला, तर सावध राहावे. त्या दाखल्यातील चाकरांनी धन्याने सोपविलेल्या धनावर उद्योग केला. पाच तालांतवाल्याने दोन तालांतवाल्याचा वाटा काढून घेतला नाही.

अमरावती धर्मप्रांतात येणाऱ्या वाशीम जिल्ह्यात आपला समाज संख्येने लहान आहे. मिस्सेनंतर मंदिराच्या आवारात सारे एकमेकांना नावाने ओळखतात. शेजारी, काका, युवक मंडळातील सोबती यांचा हा विश्वास पिढ्यांनी जोडलेला ठेवा आहे. साखळी प्रथम तोच खर्ची घालते. बुडालेले सोळा हजार रुपये दोन हंगामांत भरून निघतील, पण चुलत भावाशी तुटलेले बोलणे कित्येक वर्षे तुटलेलेच राहते.

जो आधीच अडकला आहे

त्याने प्रथम नवे सभासद आणणे थांबवावे. 'आणखी दोघे आणले की माझे पैसे सुटतील', हा विचार म्हणजे स्वतःचा खड्डा दुसऱ्याच्या अंगणात खणणे होय. पावत्या, संदेश व बँकेतील नोंदी जपून ठेवाव्यात आणि घरी खरे सांगावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैसे ऑनलाइन फसवणुकीने गेले असल्यास १९३० वर त्वरित कळवावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

ज्याने इतरांना जोडले त्याच्यावर आणखी एक कर्तव्य येते. अन्यायाने मिळालेले परत करावे आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या जबाबदारीप्रमाणे हानीची भरपाई करावी, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. मित्रांच्या रकमेतून दोन हजार रुपये कमिशन मिळाले असेल तर निदान ते दोन हजार तरी, हप्त्याहप्त्याने का होईना, परत जावेत. त्यांची क्षमा मागावी आणि त्यांना पुढे कोणास न जोडण्यास सांगावे. जक्कय जकातदाराने आपल्या घरात प्रभूचे स्वागत केले तेव्हा तो हिशेबाला लाजला नाही, आणि त्याच दिवशी त्याच्या घरात तारण आले. पापनिवेदनास येणाऱ्या तरुणाला कोणताही धर्मगुरू हीच वाट दाखवील.

पालकांनी व धर्मग्रामांनीही आपला वाटा उचलावा. जो मुलगा घरी पैशांविषयी मोकळेपणी बोलू शकतो, तो सहसा अनोळखी सभागृहात स्वप्ने विकत घेण्यास जात नाही. युवक मंडळाच्या एखाद्या सभेत फळ्यावर वरील वर्तुळे काढून मुलांनाच आकडे मांडू द्यावेत. शिष्यवृत्त्या, स्पर्धा परीक्षा, शिकाऊ उमेदवारी आणि बँकेचे शैक्षणिक कर्ज यांची माहिती धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर नियमित लागावी. कष्टाने मिळविलेल्या भाकरीचा मान आपण मुलांपुढे राखला, तर सुलभ श्रीमंतीचे आमंत्रण नाकारण्याचे बळ त्यांच्या अंगी येईल. नाझरेथच्या सुतारशाळेत हाताने काम केलेला प्रभू आपल्या तरुणांना तो विवेक देवो.