गाळलेल्या जागेचे मर्म

उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेली आपली मुले ‘जीआरई’ परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांच्या लांबलचक याद्या घोकताना दिसतात. माझी भाचीही त्यातलीच. शाळा मराठी माध्यमाची, म्हणून आपण मागे पडणार अशी धास्ती तिने घेतली होती. ‘मामा, एवढे शब्द पाठ कधी व्हायचे?’

मी तिला मराठीतलेच वाक्य दिले : ‘तो अबोल खरा, तरी त्या दिवशी मात्र ----- बोलला.’

‘भरभरून!’ ती चटकन म्हणाली. पर्याय न देताच उत्तर आले, कारण वाक्य कुठे वळणार हे ‘तरी’ आणि ‘मात्र’ यांनी आधीच सांगितले होते.

इंग्रजीतही हेच करायचे. पर्यायांकडे न बघता वाक्य पुरते वाचावे, ‘ऑल्दो’, ‘बिकॉज’ असे सांधे हेरावेत, मनानेच एक साधा शब्द योजावा आणि मग त्याच्या जवळचा पर्याय शोधावा. २०११ साली या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न गेले. गाळलेल्या जागा राहिल्या. एका उताऱ्यात तीन जागा आणि प्रत्येकीला तीन पर्याय असले, की २७ जुळण्या होतात. त्यातली एकच बरोबर. दोन जागा साधल्या तरी गुण शून्य! तिथे अंदाजपंचे चालत नाही.

शब्द शिकावे लागतीलच. पण वाक्याचा कल ओळखण्याची शिदोरी मराठी वाचनाने तिला केव्हाच बांधून दिली आहे.