व्हिडिओ संकेतन, घरगुती संपादनातील
चलत् दृश्य व त्यासोबतचा ध्वनी अंकीय स्वरूपात साठविण्याच्या ज्या अनेक पद्धती आहेत, त्यांमधून लग्नसमारंभ, कौटुंबिक प्रसंग व अल्प खर्चाचे हौशी चित्रपट यांच्या जुळणीसाठी योग्य अशा पद्धतीची निवड. या निवडीत दोन गोष्टी नेहमी एकमेकींत मिसळल्या जातात. एमपी४, एव्हीआय, एमओव्ही ही फाईलची स्वरूपे म्हणजे केवळ डबे होत. डब्यात काय भरले आहे ते त्याच्या नावावरून कळत नाही. आतील दृश्य कोणत्या रीतीने संक्षेपित केले आहे, हे ठरविणाऱ्या पद्धतीस संकेतक किंवा ‘कोडेक’ म्हणतात. एकाच एमपी४ नावाच्या दोन फाईलींपैकी एक संगणकावर सुरळीत चालते व दुसरी अडखळते, याचे कारण बहुधा संकेतकात असते.

संक्षेपणाची गरज आकड्यांवरून स्पष्ट होते. १,९२० × १,०८० बिंदूंच्या चौकटी सेकंदाला २५ या गतीने, रंगाची माहिती एक चतुर्थांशावर आणूनही, जशाच्या तशा साठविल्यास सेकंदास सु. ६२ कोटी बिट लागतात. म्हणजे तासाभराच्या चित्रणास सु. २८० गिगाबाइट जागा व्यापली जाते. हेच चित्रण एच.२६४ या संकेतकाने (२००३) सेकंदास २ कोटी बिट या दराने ९ गिगाबाइटमध्ये मावते. ही काटकसर दोन प्रकारे साधते : प्रत्येक चौकटीतील डोळ्यास न जाणवणारा तपशील वगळून व लगतच्या चौकटींमधील फक्त फरक नोंदवून. मांडवात बसलेल्या पाहुण्यांमागील कनात सलग दहा चौकटींत तीच असेल, तर ती दहा वेळा लिहिण्याचे कारण नाही. म्हणून काही अंतराने एक पूर्ण चौकट व तिच्या आधाराने बांधलेल्या अपुऱ्या चौकटी अशी रचना केली जाते.

पाहण्यासाठी उत्तम असलेली ही रचना कापण्यासाठी मात्र गैरसोयीची ठरते. संपादकास मधल्या एखाद्या चौकटीवर थांबावयाचे असेल, तर संगणकाला मागील पूर्ण चौकटीपासून पुढचे सर्व उलगडून काढावे लागते. १९९५ मध्ये आलेल्या डीव्ही पद्धतीत प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे संक्षेपित होत असे. सेकंदास अडीच कोटी बिट हा तिचा दर ठराविक होता व तासाला सु. १३ गिगाबाइट जागा लागे. जागा जास्त, पण त्या काळच्या साध्या संगणकावरही कापणे-जोडणे सुकर होई. हेच तत्त्व ॲव्हिडच्या डीएनएक्सएचडी (२००४) व ॲपलच्या प्रोरेस (२००७) या मध्यस्थ संकेतकांत आढळते. कॅमेऱ्यातून आलेली एच.२६४ फाईल आधी यांपैकी एकात बदलून घ्यावी, संपादन त्यावर करावे व तयार चित्रपट पुन्हा एच.२६४ मध्ये काढावा, हा क्रम जुन्या संगणकावर वेळ वाचविणारा आहे. प्रोरेस ४२२ मध्ये तासाला सु. ५५ गिगाबाइट लागतात. एवढी जागा नसल्यास लहान आकाराच्या तात्पुरत्या प्रती बनवून त्यांवर काम करावे व शेवटी मूळ फाईली जोडून घ्याव्यात. निकृष्ट फाईल उच्च प्रतीच्या संकेतकात बदलल्याने तिची प्रत सुधारते, हा समज निराधार आहे.

खानदेशाच्या शेजारचे मालेगाव हे या विषयाचे बोलके उदाहरण होय. प्रशासकीय दृष्ट्या नासिक जिल्ह्यात मोडणारे, पण मुंबई–आग्रा मार्गाने धुळ्याशी जोडलेले हे यंत्रमागांचे गाव. तेथे व्हिडिओगृह चालविणाऱ्या नासिर शेख यांनी स्थानिक कारागिरांना घेऊन मालेगाव के शोले हा चित्रपट (२०००) सु. ५० हजार रुपयांत तयार केला. व्हिडिओगृहातील दोन व्हीसीआर जोडून एकावरील दृश्य दुसऱ्यावर उतरविणे, ही संपादनाची तेथील पहिली शाळा होती. व्हीएचएस फितीवरील (१९७६) सदृश चित्रात आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील असतो आणि प्रत्येक नकलेत तो घटत जातो; रंग पसरतात, कडा थरथरतात. दुसऱ्या-तिसऱ्या नकलेनंतर चेहऱ्यावरील भाव ओळखणे कठीण होते. अंकीय पद्धतीत नुसत्या नकलेने काहीच हरवत नाही, परंतु प्रत्येक नव्या संक्षेपणाने हरवते. हा फरक लक्षात न आल्याने अनेक हौशी संपादकांनी आपल्या कामाची तीच गत केली.

मालेगावच्याच सुपरमॅन-विडंबनाच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी सुपरमेन ऑफ मालेगाव हा अनुबोधपट (२००८) केला. त्यात नायकास उडता दाखविण्यासाठी वापरलेला हिरवा पडदा दिसतो. अशा पडद्यापुढील आकृती वेगळी काढताना रंगाच्या माहितीची काटकसर आडवी येते. घरगुती कॅमेऱ्यांच्या बहुतेक संकेतकांत चार बिंदूंमागे रंगाचा एकच नमुना ठेवलेला असतो. डोळ्यास ते खटकत नाही, पण केसांच्या व कपड्यांच्या कडेस हिरवी दातेरी किनार उरते. कॅमेऱ्यात रंगाचे अधिक नमुने ठेवणारी पद्धत उपलब्ध असल्यास अशा दृश्यांपुरती तरी ती वापरावी.

या चित्रपटांना व पुढे अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी प्रहसनांच्या चित्रणांना बाजारात आणले ते व्हीसीडीने (१९९३). एमपीईजी-१ संकेतक, ३५२ × २८८ बिंदू, सेकंदास सु. साडेअकरा लाख बिट व एका तबकडीत ७४ मिनिटे, अशी तिची मर्यादा. स्वस्ताईमुळे ती खेडोपाडी पोहोचली, पण दूरचित्रवाणीच्या चौकटीतील निम्म्या रेषा तिने आरंभीच टाकून दिल्या होत्या [→ दूरचित्रवाणी]. जळगाव-धुळ्याकडील ज्या कुटुंबांनी छायाचित्रकाराकडून लग्नाची फक्त व्हीसीडी घेतली व मूळ फीत परत मागितली नाही, त्यांच्या हाती आज तेवढेच चित्र उरले आहे. मूळ फीत पुन्हा वापरण्याची त्या व्यवसायातील सवय पाहता, ती शोधण्याचा प्रयत्न क्वचितच सफल होतो.

ज्यांच्या कपाटात व्हीएचएस फिती अजून आहेत, त्यांनी विलंब करणे धोक्याचे आहे. व्हीसीआर बनविणाऱ्या अखेरच्या मोठ्या उत्पादकाने, जपानच्या फुनाई कंपनीने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. चालू स्थितीतील यंत्रे व ती दुरुस्त करणारे दोन्ही दुर्मिळ होत आहेत. खानदेशात मे महिन्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते व पावसाळ्यात दमटपणा येतो; उष्णतेने फितीवरील चुंबकीय थराचा बंधक द्रव्यभाग बिघडतो, तर दमटपणाने बुरशी धरते. पत्र्याच्या छपराखालील माळा ही फितींसाठी सर्वांत वाईट जागा. बुरशीचे पांढरे ठिपके दिसत असल्यास फीत यंत्रात घालू नये, कारण ती यंत्राच्या शीर्षास व त्यानंतर लावलेल्या प्रत्येक फितीस दूषित करते.

फीत संगणकावर उतरविताना पहिली प्रत माहिती न गमावणाऱ्या संकेतकात घ्यावी. एफएफव्ही१ हा खुला संकेतक यासाठी अभिलेखागारांतही वापरला जातो. व्हीएचएसची प्रत्येक चौकट विषम व सम रेषांच्या दोन अर्ध्या क्षेत्रांची बनलेली असते. ही क्षेत्रे मूळ प्रतीत तशीच राहू द्यावीत. ती एकत्र करण्याची प्रक्रिया फक्त पाहण्यासाठी काढलेल्या प्रतीवर करावी. अनेक दुकानांत फीत थेट लहान एमपी४ मध्ये उतरवून देतात व क्षेत्रे सदोष रीतीने मिसळतात, त्यामुळे हलणाऱ्या हाताभोवती फणीच्या दातांसारख्या रेषा कायमच्या कोरल्या जातात. काम देण्यापूर्वी पाच मिनिटांचा नमुना मागून पाहणे बरे.

मोबाइल फोनने केलेल्या चित्रणाच्या अडचणी वेगळ्या आहेत. फोन प्रकाशानुसार चौकटींची गती कमीजास्त करतो. संपादन-प्रणाली गती स्थिर धरून चालते व मंगलाष्टकांचा आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. अशी फाईल आधी स्थिर गतीत बदलून घ्यावी. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने मांडवातील दिवे सेकंदाला १०० वेळा कमीअधिक प्रकाशतात. म्हणून २५ चौकटी व १/५० सेकंद उद्‌भासन ठेवल्यास चित्रातील लुकलुक टळते. नव्या फोनमधील एचईव्हीसी (२०१३) हा संकेतक जागा सु. निम्मी वाचवितो, पण जुन्या संगणकास तो पेलत नाही. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने आलेले चित्रण पुन्हा संक्षेपित झालेले असते. संपादनासाठी नातेवाइकांकडून ते दस्तऐवज म्हणून किंवा पेनड्राइव्हवर मागवावे.

तयार चित्रपट वाटण्यासाठी एमपी४ डब्यातील एच.२६४ व एएसी ध्वनी ही जोडी जवळजवळ सर्व यंत्रांवर चालते. यूट्यूब प्रत्येक चित्रण स्वतः पुन्हा संक्षेपित करते, त्यामुळे तेथे चढविण्याची प्रत बऱ्याच जास्त दराने काढावी लागते; अंधारातील वरातीच्या दृश्यांत हा फरक सर्वाधिक दिसतो. संपादन झाल्यावर मूळ फाईली पुसण्याचा मोह जागेअभावी होतो. निदान दोन वेगळ्या तबकड्यांवर त्यांच्या प्रती ठेवून, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी व वर्षातून एकदा दोन्ही चालवून पाहाव्यात.