संगणक कुरकुरतो तेव्हा

रोवणीच्या चिखलातून येऊन, हातपाय धुऊन तुम्ही रेडिओजवळ बसल्या असाल. आज बोलायचे आहे संगणकातून येणाऱ्या विचित्र आवाजांबद्दल. आता पुष्कळ गटांचे हिशोब संगणकावर आले आहेत, म्हणून हे आपल्याला माहीत हवे.

आधी माझीच चूक सांगते. आमच्या केंद्रातल्या जुन्या संगणकात गटांची बचत, कर्ज, हप्ते सगळे आहे. गेल्या उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, टेबलाखालून ‘चट् चट्’ आवाज येऊ लागला. संगणक मध्येच बंद पडे, मी पुन्हा सुरू करी. जुनी मशीन आहे, करील कुरकुर, असे म्हणून आठ दिवस काढले. मग हप्ता भरायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, “बाई, चक्कीचा आवाज बदलला तर आपण पट्टा पाहतो. याचं काहून पाहत नाही?” टेबल सरकवले, तर प्लग सैल, सॉकेट काळे पडलेले, प्लास्टिक वितळू लागलेले. आणि शेजारीच कागदांचा गठ्ठा!

मावशींचे खरे होते. शिलाई मशीन असो की मोटरपंप, आवाजावरून आपण दुखणे ओळखतोच. संगणकाचेही तसेच आहे.

‘चट् चट्’ किंवा ‘तडतड’ हा सगळ्यांत धोक्याचा आवाज. सैल जोडणीत ठिणगी उडते, जागा तापते, आग लागू शकते. जळका वास आला तर क्षणभरही थांबू नका. हात कोरडे, पायात चप्पल, मग भिंतीवरचे बटण बंद करा. यूपीएसही बंद करा, कारण भिंतीचे बटण बंद केले तरी तो बॅटरीतून वीज देत राहतो. ठिणगी बटणातच असेल तर त्याला हात न लावता मेन स्विच पाडा. पाणी मात्र कधीच टाकू नका.

‘घरघर’ किंवा ‘खरखर’ बहुतेक वेळा पंख्याची असते. चुलीचा धूर, धानाचा कोंडा, रस्त्याची धूळ आत बसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पंखा जोरात फिरतो आणि आवाज वाढतो. प्लग काढून बाहेरच्या जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

मंद ‘गुणगुण’ यूपीएसमधून येते. आपली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० फेरे घेणारी. त्यामुळे आतले लोखंड आणि तारांचे वेटोळे थरथरते. थोडी गुणगुण चालते. ती अचानक वाढली किंवा यूपीएस खूप तापला, तर दाखवून घ्या. बारीक शिट्टीसारखा आवाज पडद्यावरचे पान सरकवताना कमीजास्त होत असेल, तर तोही आतल्या वेटोळ्याचाच. कानाला त्रास होतो, पण धोका नसतो.

स्पीकर ‘टर्र टर्र’ करतो आणि लगेच फोन वाजतो, हे तुम्ही ऐकले असेल. तो दोष नाही. मोबाईल दूर ठेवा, झाले.

‘टिक् टिक्’, मग थांबून पुन्हा ‘टिक् टिक्’ आतून आली, तर हिशोब साठवणारी हार्ड डिस्क बिघडत असेल. आधी सगळी माहिती पेन ड्राइव्हवर घ्या. दुरुस्ती नंतर.

आवाज कुठून येतो ते कळत नसेल तर वर्तमानपत्राची सुरळी कानाला लावून दुरून ऐका. मग एकेक वस्तू बंद करून पाहा: आधी स्पीकर, नंतर संगणक, शेवटी यूपीएस. ज्याच्याबरोबर आवाज थांबला, तिथे दुखणे.

डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग बरोबर नाही असे समजा. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन त्यासाठीच असते, ती तोडू नका. कोळसा आणि मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, त्यात पाणी घालत जा. तरी झिणझिण्या थांबल्या नाहीत तर वायरमनला बोलवा. पावसात विजा कडकडू लागल्या की प्लगच काढून ठेवा.

आणि एक गोष्ट कधीच करू नका: वीज पुरवणारा आतला लोखंडी डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात ३०० व्होल्टच्या वर वीज काही वेळ साठून राहू शकते. ते काम मेकॅनिकचे.

आमच्या त्या संगणकाची डिस्क वारंवार बंद पडून शेवटी गेलीच. तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. सदस्यांची पासबुके आणि हाताने लिहिलेली नोंदवही होती, म्हणून पै न् पैचा हिशोब पुन्हा उभा राहिला. तेव्हा संगणक आला म्हणून नोंदवही गुंडाळून ठेवू नका, आणि आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर नक्कल घ्या. पैसा बायांच्या घामाचा आहे.

उद्या गटाच्या बैठकीला जाल तेव्हा संगणक सुरू करून दोन मिनिटे सगळ्या गप्प बसा आणि नुसते ऐका.