शिंपल्याची मिठी कशी सुटते?

सातारा-सांगलीकडच्या आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी कृष्णेच्या पात्रात शिंपले वेचले असतील. जिवंत शिंपला हाताने उघडत नाही. सुरी घातली तर आतला स्नायू तुटतो, पण सैल होत नाही. असे का? मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. तरीही याचे उत्तर वाचून थक्क झालो. ते येथे थोडक्यात मांडतो.

शिंपल्याच्या बिजागरीतील लवचिक पट्टी दोन्ही शिंपा सतत उघडू पाहते. स्नायू त्या मिटून धरतो. आपली मूठ लवकर थकते. शिंपल्याचा स्नायू मात्र अत्यल्प शक्ती खर्चून तासन्‌तास आवळलेला राहतो. बँकेचे शटर ओढायला जोर लागतो, पण कुलूप लावल्यावर ते कोणी धरून बसत नाही, तसेच हे.

समुद्रातील मायटिलस या शिंपल्यावर याचा कसून अभ्यास झाला. खडकाला बांधून ठेवणाऱ्या त्याच्या स्नायूतही असेच कुलूप असते. मज्जातंतूंतून येणारे अ‍ॅसिटिलकोलिन स्नायू आवळते. सेरोटोनिन आले की ट्विचिन या प्रथिनाला फॉस्फेट जोडले जाते आणि कुलूप सुटते. म्हणजे सैल होणे हीदेखील आज्ञेने घडणारी क्रिया आहे.

हे काम न्यूरोपेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्याही करतात. 1987 साली जपानी शास्त्रज्ञांनी मायटिलसमधून 7 अमिनो आम्लांचे असे एक पेप्टाइड वेगळे केले. 1977 साली दुसऱ्या एका शिंपल्यात सापडलेले 4 अमिनो आम्लांचे पेप्टाइड तर अल्प मात्रेत हा स्नायू सैल करते आणि जास्त मात्रेत उलट आवळते! मात्रेला एवढे महत्त्व आहे.

सेरोटोनिनचा हा गुण बेटी ट्वारोग या अमेरिकन संशोधिकेने शिंपल्यात ओळखला. मग हे रसायन मेंदूतही असेल, असे त्यांना वाटले. 1953 साली आयर्विन पेज यांच्यासह त्यांनी ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूत दाखवून दिले. आज नैराश्यावरची अनेक औषधे सेरोटोनिनच्या कार्यावरच परिणाम करतात. नैराश्याचे कारण मात्र एवढ्या एका रसायनात सामावत नाही.

आपल्या वस्तीत अशा गोळ्यांना अजून ‘वेड्याचे औषध’ म्हणतात. लोकलाजेने कोणी त्या लपवतो, कोणी मध्येच सोडतो. बंधूभगिनींनो, आवळलेले मन सुरीने उघडत नाही. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा त्यांना विचारल्याशिवाय बदलू नका, आणि औषध घेणाऱ्याला हसू नका.